कॉफी सोडू नका, नीट करायला शिका

"डॉक्टर, चहाने पित्त होते म्हणून चहा सोडला. आता कॉफी घेतो." असे अभिमानाने सांगणारे रुग्ण मला दर आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. किती वेळा घेता, असे विचारले तर "फार नाही, तीन-चार वेळा" असे उत्तर मिळते. कशी करता, असे विचारले की खरा प्रकार कळतो. पातेलेभर म्हशीचे दूध, त्यात माणशी दोन चमचे साखर, थोडी कॉफीची भुकटी, वर जायफळ, आणि हे सगळे साय धरेपर्यंत उकळायचे. वाचकहो, ही कॉफी नव्हे. ही कॉफीच्या वासाची बासुंदी झाली.

अशा रुग्णांना अनेक डॉक्टर एका वाक्यात वाटेला लावतात : "चहा-कॉफी बंद!" हा सल्ला द्यायला सोपा आहे, पण पाळला जात नाही. रुग्ण आठ दिवस कॉफी सोडतो, नवव्या दिवशी घेतो आणि पुढच्या भेटीत ते डॉक्टरांपासून लपवतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, बहुतेक निरोगी माणसांना कॉफी बंद करण्याची गरज नसते. गरज असते ती कॉफी नीट करायला शिकण्याची, कप मोजण्याची आणि वेळ पाळण्याची.

आपल्याकडची कॉफी

कॉफी आपल्या शेजारच्याच प्रांतातली. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सत्पुरुषाने हजच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. कर्नाटक आणि तमिळनाडूत कॉफी घराघरांत रुजली, ती फिल्टरसह रुजली. आपल्याकडे मात्र चहाने बाजी मारली आणि कॉफी उरली ती पाहुण्यांसाठी, उपासाच्या दिवसासाठी, आजाऱ्यासाठी आणि परीक्षेच्या रात्रींसाठी. जी वस्तू रोज करायची नाही, ती करण्याची पद्धतही घरात तयार होत नाही.

पुणेकरांना चांगल्या कॉफीची ओळखच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली' आणि 'रूपाली'ने इथल्या कित्येक पिढ्यांना फिल्टर कॉफीची चव लावली. गंमत अशी की, तिथे बसून "काय कॉफी आहे!" म्हणणारा माणूस घरी आला की पुन्हा दुधात भुकटी उकळतो. वास्तविक तशी कॉफी घरी करायला ना महागडे यंत्र लागते ना विशेष कौशल्य.

साखरेचे गणित

चव बाजूला ठेवून आधी तब्येतीचा हिशेब पाहू. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४० ग्रॅम साखर नुसत्या कॉफीतून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर शक्यतो रोजच्या उष्मांकांच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत असावी. आपण ती मर्यादा जेवणाआधीच ओलांडतो. शिवाय सायीचे दूध आहेच. दीडशे मिलिलिटर मलईदार दूध आणि दोन चमचे साखर मिळून सुमारे १७० कॅलरी होतात. म्हणजे प्रत्येक कपाबरोबर आपण दोन फुलके पितो आणि वर म्हणतो, "डॉक्टर, मी काहीच खात नाही, तरी वजन का वाढते?"

बदनाम होते ती कॉफी, पण काम असते साखरेचे. आणि एवढी साखर लागते कशासाठी? तर भुकटी उकळून उकळून कॉफी कडू केलेली असते, तो कडूपणा झाकण्यासाठी. नीट काढलेल्या कॉफीला स्वतःचा सौम्य गोडवा असतो आणि तिला अर्धा चमचा साखर पुरते. म्हणूनच कॉफी कशी करावी, हा विषय मी आरोग्याच्या सदरात घेतला आहे.

कॉफी कशी करावी

भांड्यांच्या दुकानात दोन मजली फिल्टर मिळतो, पितळी किंवा स्टीलचा. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. दोन माणसांसाठी त्यात सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे पोहे खायचे अडीच-तीन चमचे दळलेली कॉफी घाला. दांडीच्या चकतीने हलकेच सारखी करा, पण ठासून भरू नका. ठासली तर पाणी उतरणार नाही, फारच सैल ठेवली तर भराभर खाली जाईल आणि अर्क पाणचट होईल. उकळी आलेले पाणी गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबा, मग कपभर पाणी हळूहळू ओता आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट, काळसर अर्क जमतो. प्रत्येक कपात त्यातला निम्मा अर्क घ्या आणि वर गरम दूध ओता. दूध वेगळे तापवायचे, साय काढून.

फिल्टर नसेल तरी अडत नाही. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, भुकटी घालून एकदा ढवळा, झाकण ठेवा. चार मिनिटांनी स्वच्छ पातळ फडक्यातून गाळून घ्या.

यात दोनच नियम लक्षात ठेवायचे. पहिला, दळलेली कॉफी कधीही खळखळ उकळू नये. वास उडून जातो आणि चोथ्यातला कडूपणा मागे राहतो. दुसरा, केलेली कॉफी पुन्हा तापवू नये. सकाळची कॉफी दुपारी गरम करून घेणे म्हणजे काटकसर नव्हे, ती चवीला आणि पोटाला दोन्हीकडून शिक्षा आहे.

ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. कॉफीच्या बियांत काही तेलकट द्रव्ये असतात. उकळून केलेल्या, न गाळलेल्या कॉफीतून ती पोटात जातात आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणीत ती बऱ्याच अंशी अडकतात. धातूच्या जाळीत तितकी अडकत नाहीत.

भुकटी घेताना

वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. बाजारातल्या पुष्कळ पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ आहे, ते भाजून दळतात. त्यात कॅफिन नसते. त्यामुळे कॉफीला रंग आणि दाटपणा येतो. ही भेसळ नव्हे, पण प्रमाण छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे. ऐंशी-वीसचे मिश्रण बहुतेकांना आवडते. कॉफीच्या पैशात निम्मी चिकोरी विकत घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

पाण्यात विरघळणारी झटपट कॉफी म्हणजे नकली कॉफी, हा समजही खरा नाही. तीही कॉफीचाच सुकवलेला अर्क असतो. वास मात्र ताज्या दळलेल्या कॉफीसारखा येत नाही. दळलेली कॉफी एका वेळी शंभर ग्रॅमच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा.

किती आणि केव्हा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दीडशे मिलिलिटरच्या एका कप ताज्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे संस्था सांगते. म्हणजे चांगल्या कॉफीचे दोन कप, फार तर तीन. चहाही घेत असाल तर तोही याच हिशेबात धरायचा. आणि आजकालच्या मोठ्या मगात दोन कप मावतात, हे विसरू नका.

घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो. झोप येत नाही म्हणून माझ्याकडे गोळी मागायला आलेल्या एक आजी रोज रात्री जायफळ घातलेली कॉफी घेत. "जायफळाने झोप येते ना!" हे त्यांचे उत्तर. चिमूटभर जायफळाचा गुण कपभर कॉफीपुढे काय टिकणार? त्यांना गोळी दिली नाही. रात्रीची कॉफी बंद करून नुसते जायफळाचे दूध घ्यायला सांगितले. दहा-बारा दिवसांत तक्रार पुष्कळ कमी झाली. झोपेच्या गोळीची सवय लागते, वयस्कर माणसे रात्री उठताना तोल जाऊन पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून गोळी मागण्यापूर्वी दुपारनंतरची कॉफी पंधरा दिवस थांबवून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हेच सदाशिव पेठेत, नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनाही सांगायचे आहे. तुमच्यापैकी कित्येकजण आसपासच्या तालुक्यांतून, जिल्ह्यांतून आलेले आहात. घरचे लोक हे सदर वाचत असतील, तर त्यांनी हे मुलांना फोनवर सांगावे. कॉफीने झोप लांबते, पण झोपेची गरज संपत नाही. वाचलेले डोक्यात पक्के बसायला झोप लागतेच. रात्री तीन कप पिऊन वाचलेले पान सकाळी आठवत नसेल, तर दोष स्मरणशक्तीचा नाही.

आता जेवणाची वेळ. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. कॉफी आणि चहा, दोन्हींमुळे जेवणातले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. तेव्हा जेवणाआधी व जेवणानंतर तासभर दोन्ही टाळावे. लोहाची गोळी कॉफीबरोबर घेणाऱ्या मुली मी पाहतो. त्या गोळीचा बराचसा उपयोग वाया जातो. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

कोणी विशेष जपावे

१. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. कॉफी त्यानंतर किमान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाने.

२. गर्भवती स्त्रियांनी दिवसाला एका कपावर थांबावे. गरोदरपणात कॅफिन शरीरात जास्त वेळ राहते आणि बाळापर्यंत पोहोचते.

३. छातीत जळजळ, धडधड किंवा हाताला कंप होत असेल त्यांनी उपाशीपोटी कॉफी घेऊ नये, प्रमाण कमी करावे आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

४. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास कॉफी घेऊ नये. आकडा फसवा येतो.

५. लहान मुलांना कॉफी देऊ नये, दुधात "जराशी रंगापुरती"सुद्धा नको.

६. रोज तीन-चार कप घेणाऱ्यांनी एकदम बंद करू नये. दुसऱ्या दिवशी डोके ठणकते. उपासाच्या दिवशी अनेकांचे डोके दुखते, त्याचे कारण पुष्कळदा पित्त नसते, चुकलेला कप असतो. आठवड्याला एक कप, असे कमी करत जावे.

७. कॉफी वाफाळती घशात ओतू नये. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असा निष्कर्ष कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१६ साली काढला. दोष कॉफीचा नव्हे, उष्णतेचा. दाक्षिणात्य लोक वाटी-पेल्यात कॉफी वरखाली करतात. फेस येतो आणि ती पिण्याजोगी निवतेही.

कॉफी नियमित पण बेताने पिणाऱ्यांमध्ये यकृताचे काही आजार आणि मधुमेह कमी आढळतात, असे अनेक पाहण्या सांगतात. म्हणून कोणी औषध समजून कॉफी सुरू करू नये. मधुमेह टाळण्यासाठी घेतलेल्या कॉफीत दोन चमचे साखर घालणाऱ्याला काय म्हणावे?

थोडक्यात सांगायचे तर, दिवसातून दोनदा, दुपारच्या आत, जेवणापासून दूर, कमी साखरेची, ताजी आणि न उकळलेली कॉफी घ्यावी. दिवसभर चार कप गोड दूध घोटण्यापेक्षा सकाळचा एक कप खऱ्या कॉफीचा असावा, आणि तो बसून, सावकाश प्यावा. तब्येतही राहील आणि कॉफी म्हणजे काय, हेही कळेल.