पडलं तर कुठे पडेल?

रविवारी सकाळी आम्ही विमानं घेऊन उभे राहिलो की बघ्यांची गर्दी जमतेच. त्यांचे प्रश्नही ठरलेले. केवढ्याला पडलं? किती लांब जातं? कॅमेरा आहे का? एखादे काका हमखास विचारतात, "याच्यात पेट्रोल घालता का हो?" एवढ्या वर्षांत फक्त एका आजींनी वेगळा प्रश्न केला. गवताचा भारा खाली ठेवून त्या जरा वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि ह्ये पडलं तर कुठं पडतं?"

माझ्या मते आरसी विमानांच्या क्लबाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. बाकीचं सगळं नंतर.

आमचा क्लब म्हणजे क्लब म्हणायचं आपलं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर इथले चौदा-पंधरा जण. त्यात बँकवाले आहेत, दोन इंजिनिअरिंगची पोरं आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत आणि एक निवृत्त फिटरकाका, ज्यांच्या हातचं बाल्साचं काम बघत बसावं. मैदान आमचं नाही. पाऊस संपून भाताची कापणी झाली की खाचरं मोकळी होतात. तेव्हा टिटवाळ्याच्या पलीकडचे एक शेतकरी त्यांच्या रानात आम्हाला उडवू देतात. त्यांना बांध फुटलेला चालत नाही, आणि जनावरं बाहेर पडली की आमचं उडवणं बंद. जून ते ऑक्टोबर आम्ही घरात बसून फक्त डिंक लावतो.

लोकांना वाटतं हे खेळणं आहे, आणि खरा घोटाळा इथेच होतो. एक साधा हिशोब सांगतो. दीड किलोचं शिकाऊ विमान ताशी ७० किलोमीटरने येत असेल, तर त्याच्या धडकेतली ऊर्जा ताशी १४० च्या वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या दुपटीहून जास्त भरते. शिवाय चेंडूच्या तोंडाशी पंखा नसतो. दहा इंची पंखा मिनिटाला ९,००० फेऱ्या मारत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर जातो. बोट मध्ये आलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका उद्यानात एक १९ वर्षांचा मुलगा त्याच्याच आरसी हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून जागीच गेला. तो नवखा नव्हता, कसरती करण्याइतका मुरलेला होता. आमच्याकडे कोणी "मला आता सवय झालीय" म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

आता आपल्या भागाकडे बघा. ठाण्यात कोलशेतला वायुदलाचं ठाणं, येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यान, उरलेल्या भागात टॉवर. डोंबिवलीत एका बाजूला खाडी, मधून रेल्वे, तिच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार, आणि पूर्वेला एमआयडीसी. मे २०१६ आणि मे २०२४ च्या स्फोटांत ज्यांच्या घरांच्या काचा फुटल्या, त्यांना रासायनिक कारखान्याच्या छपरावर पेटती बॅटरी पडली तर काय होईल हे समजवायला लागू नये. तरीही दर दिवाळीनंतर कोणीतरी नवीन विमान घेतो आणि भागशाळा मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवरून उडवू म्हणतो. भागशाळा मैदानावर सकाळी आजोबा लोक फिरतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. तिथे विमान पडायला रिकामी जागा कुठे आहे? जिथे पडायला जागा नाही तिथे उडवायलाही जागा नाही, इतकं ते सरळ आहे.

आमच्याकडे लाकडी पट्टीवर कपड्यांचे तीन चिमटे आहेत. त्याची कथा जुनी आहे. पूर्वीचे रेडिओ ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झवर चालायचे आणि प्रत्येकाच्या सेटमध्ये ठरावीक चॅनेलचा क्रिस्टल असायचा. एकाच चॅनेलवर दोघांनी सेट चालू केले की हवेतलं विमान कोणाचंच ऐकायचं नाही. म्हणून क्लबात चॅनेलचे आकडे लिहिलेले चिमटे असत. चिमटा हातात असेल त्यानेच सेट चालू करायचा. २.४ गिगाहर्ट्झ आलं, सेट आपापली वाट शोधू लागले आणि जगभर चिमटे गेले. सोय झाली हे खरंच. पण त्या चिमट्यासाठी माणसं एकमेकांशी बोलत होती, कोण उडवतंय हे सगळ्यांना माहीत असायचं. आता जो तो येतो, बॅटरी जोडतो आणि सोडतो. म्हणून आम्ही चिमटे परत आणले. चॅनेलसाठी नव्हे, तर हवेत एका वेळी तीनच विमानं राहावीत म्हणून. यावर मला 'हेडमास्तर' म्हणतात. म्हणोत!

खरा क्लब म्हणजे चुन्याची एक रेषा. उडवणारे रेषेपाशी, बघणारे आणि गाड्या त्यांच्या बऱ्याच मागे, आणि विमान कायम रेषेच्या पुढे. मागे वळवलं की त्या दिवशी उतरवायचं, मग तो कितीही जुना सभासद असो. उडवणाऱ्याशेजारी एक जण नुसता आकाश बघायला उभा असतो, कारण उडवणाऱ्याची नजर विमानावर खिळलेली असते आणि बांधावरून येणारी बाई त्याला दिसत नाही. शिवाय हिवाळ्यात घारी असतात, त्या विमानाजवळ कुतूहलाने येतात. घार आली की विमान खाली. तिचं आकाश आहे ते.

उडवण्यापूर्वीची तपासणी मी इथे सगळी लिहीत नाही, ती रानात शिकायची गोष्ट. पण दोन गोष्टी लिहितोच. पहिली फेलसेफची. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं हे आधी ठरवून द्यावं लागतं, आणि मोटर बंद हेच उत्तर हवं. काही स्वस्त रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतात, म्हणजे सिग्नल गेला तरी विमान पूर्ण जोरात कुठेतरी निघालेलं. विमान घट्ट धरायला लावून मोटर थोडी चालवायची आणि सेट बंद करून बघायचं. मोटर थांबली नाही तर त्या दिवशी उडवायचं नाही. याला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी लायपो बॅटरीची. आपण लोकलने जाणारी माणसं, म्हणून ही जास्त महत्त्वाची. एका सेलचे पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट होतात, नुसती ठेवायची तर ३.८ च्या आसपास आणावी. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. विमान आपटलं की बॅटरी वरून धड दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये, आणि फुगलेली बॅटरी पिशवीत टाकून लोकलच्या डब्यात तर मुळीच चढू नये. कल्याण-ठाणे गर्दीच्या डब्यात पायाशी बॅग पेटली तर पळायचं कुठे? आमच्याकडे फुगलेली बॅटरी घरी न्यायची परवानगी नाही. फिटरकाका ती वाळूच्या डब्यात ठेवून स्वतःच्या स्कूटरवरून नेतात.

आता ज्यावरून आमच्यात भांडण झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका कार्यक्रमाच्या संयोजकांनी आम्हाला बोलावलं. मैदानावर हजारभर माणसं, त्यांच्यावरून विमान न्यायचं आणि फुलं टाकायची. मानधन बरं होतं, वर पुढे मैदान मिळवून देऊ असा शब्द. मैदानाचा शब्द ऐकून आमच्यातल्या निम्म्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, माझ्याही. पण गर्दीच्या डोक्यावरून नाही म्हणजे नाही. सात विरुद्ध पाच मतांनी आम्ही नकार दिला. त्यांनी दुसरा कोणी आणला. कार्यक्रम झाला, फुलं पडली, टाळ्या पडल्या, कोणाला काही झालं नाही. "बघ, काय झालं का?" हे मला अजून ऐकावं लागतं. त्यावरून दोघे क्लब सोडून गेले, आणि त्यातला एक आमच्यातला सगळ्यात चांगला उडवणारा होता. मला त्याचं वाईट वाटतं. पण काही झालं नाही हा पुरावा नव्हे. दार उघडं टाकून गावाला जाऊन आलात आणि चोरी झाली नाही, म्हणून कुलूप निरुपयोगी ठरत नाही.

कायद्याचं विचाराल तर २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम आपल्या विमानांनाही लागू आहेत, 'हे ड्रोन नाही हो' म्हणून सुटका नाही. मौजेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाईप सर्टिफिकेट लागत नाही, ही सवलत चांगली आहे. पण लाल-पिवळा-हिरवा नकाशा सर्वांना सारखाच, आणि हिरव्या भागातही ४०० फुटांची मर्यादा. त्यावर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, तेव्हा गुपचूप घरी बसायचं. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत, त्यामुळे पनवेल-उलव्याकडचे जुने अड्डे विसरा.

मग जागा कुठली? आमच्यातले काही जण म्हणतात, नेवाळीची जुनी धावपट्टी मागू या. दुसऱ्या महायुद्धातली, मलंगगडाच्या अंगणात, विमानासाठीच केलेली. माझा विरोध आहे. ती जमीन संरक्षण खात्याची की गावकऱ्यांची यावरून जून २०१७ मध्ये तिथे शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या. ज्यांच्या आजोबांचं रान युद्धासाठी गेलं, त्यांच्यासमोर आपण जाऊन खेळायचं? महापालिकांकडे मागायचं तर वस्तीपासून दूर, आठवड्यातून एक सकाळ, कुंपण आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून मागावं. क्रिकेटला मैदान लागतं हे त्यांना पटतं, याला लागतं हे पटवायला वेळ लागेल. तोवर भाताची खाचरं आहेत.

ताई, हे तू वाचत असशीलच. चिरंजीवांना गच्चीवरून उडवायला मी परवानगी देणार नाही, मामा म्हणूनही नाही. त्याचं विमान घेऊन त्याला या रविवारी सहाच्या आत कल्याण स्टेशनवर पाठव. पहिले तीन रविवार तो उडवणाऱ्याशेजारी उभा राहून नुसतं आकाश बघेल, चौथ्या रविवारी फिटरकाका त्याच्या हातात सेट देतील. टोपी आणि बूट घालून येऊ दे, चप्पल चालत नाही. आणि बॅटरी चार्ज करून आणू नको म्हणावं, ती आम्ही तिथेच करू.