दोष बोटांचा नव्हे

टेक्सासमधील एका रुग्णालयात १९८६ साली ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रातून एका रुग्णाला प्रमाणाबाहेर किरणांचा मारा बसला. पडद्यावर मात्र ‘बिघाड ५४’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे तेवढी उमटली. पुस्तिकेत त्यांचा उलगडा नव्हता. असे बिघाड नित्याचेच. चालकाने सवयीने पुढची कळ दाबली आणि मारा पुन्हा बसला. पाच महिन्यांनी रुग्ण दगावला. पूर्वीच्या यंत्रातील स्वतंत्र अटकाव काढून निर्मात्यांनी सारी भिस्त संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवली होती. चालकाला बोल लावणे सोपे; आम्हांला ते मान्य नाही. जे यंत्र धोका स्पष्ट शब्दांत सांगत नाही आणि संशय येताच पुरते थांबत नाही, ते रुग्णाजवळ आणूच नये. आपल्या रुग्णालयांनीही किमतीआधी हेच पाहावे.