गाडीचा समीक्षक कुणाचा?

वर्तमानपत्रात गाड्यांवर लिहिणारा पत्रकार संपादकाला उत्तर देतो की जाहिरात व्यवस्थापकाला, यावर त्याच्या लेखाचा अर्धा मजकूर ठरतो. दर आठवड्याला याच विषयावर लिहिताना मला डॅन नील यांची कारकीर्द वारंवार आठवते, कारण हा प्रश्न त्यांच्यासमोर दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा ते मागे हटले नाहीत.

नील हे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या राली शहरात ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या दैनिकात ते गाड्यांवर लिहू लागले, पण ते पान छोट्या जाहिरातींच्या विभागाच्या ताब्यात होतं. गावोगावचे वाहनविक्रेते ज्या पानाचा खर्च उचलतात, त्या पानावर त्यांच्या मालाची परीक्षा घ्यायची, अशी ही नोकरी. नव्वदच्या दशकात फोर्डच्या एक्सपिडिशन या अवाढव्य गाडीवर लिहिताना नील यांनी मागच्या सीटवरच्या प्रणयाचा खट्याळ उल्लेख केला आणि गदारोळ झाला. यापुढे तुमचा मजकूर जाहिरात विभाग तपासेल, असं त्यांना सांगण्यात आलं. ते त्यांनी मान्य केलं नाही. नोकरी गेली.

2003 मध्ये ते ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये आले. हे शहरच मोटारीभोवती वाढलेलं. तिथं गाडीवर लिहिणं म्हणजे घर, पगार, वर्ग, हवा आणि हौस या सगळ्यांवर लिहिणं. नील तसंच लिहीत. इंजिनाचं गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ती गाडी कोणत्या माणसाला काय वाटायला लावते, याकडे त्यांचं लक्ष अधिक असे. 2004 मध्ये त्यांना समीक्षेसाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. एरवी चित्रपट, संगीत, वास्तुकला, पुस्तकं यांच्या समीक्षकांकडे जाणारा हा मान मोटारींच्या समीक्षकाला पहिल्यांदाच मिळाला होता. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. बहुतेक माणसं घराखालोखाल सगळ्यात जास्त पैसा गाडीवर घालतात. मग तिच्यावरचं लेखन नाटक-सिनेमावरच्या लेखनापेक्षा कमी गंभीर का मानावं?

पुढच्याच वर्षी खरी परीक्षा आली. जनरल मोटर्सनं पाँटियॅक जी 6 ही गाडी वाजतगाजत आणली होती. सप्टेंबर 2004 मध्ये ओप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात बसलेल्या सगळ्या, म्हणजे 276 प्रेक्षकांना ती फुकट वाटण्यात आली. साऱ्या अमेरिकेनं ते दृश्य टीव्हीवर पाहिलं. एप्रिल 2005 मध्ये नील यांनी तिचं परीक्षण लिहिलं. गाडी वाईट आहे असं त्यांनी म्हटलं नाही. ती सुमार आहे आणि एवढ्या मोठ्या कंपनीतून इतकी सुमार गाडी बाहेर पडते याचा दोष वरच्यांचा आहे, असा त्यांचा रोख होता. हरणाऱ्या संघात प्रशिक्षक बदलतात तसे इथंही बदला, असं त्यांनी प्रमुख रिक वॅगनर यांच्याबद्दल उघड सुचवलं.

त्या आठवड्यातच कंपनीनं ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या आपल्या सगळ्या जाहिराती बंद केल्या. दैनिकाच्या लेखनात चुका आणि विपर्यास आहे, असं कारण दिलं. जाहिराती ऑगस्टमध्ये परत सुरू झाल्या. मधल्या काळात आणि नंतरही नील तिथंच लिहीत होते. 2010 मध्ये ते ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये गेले.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मार्च 2009 मध्ये वॅगनर यांना अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून पायउतार व्हावं लागलं, एप्रिलमध्ये पाँटियॅक हे नावच मोडीत काढण्याचा निर्णय जाहीर झाला आणि 1 जूनला जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नील यांचं भाकीत खरं ठरलं म्हणून मी हे सांगत नाही. मोटारीच्या परीक्षणात कंपनीच्या कारभाराचं काय काम, असा आक्षेप तेव्हा होता आणि आजही माझ्या व्यवसायातले अनेक जण तो घेतात. मला तो मुळीच पटत नाही. गाडी घेणारा त्या कंपनीची पुढची दहा वर्षंही घेतो: सुटे भाग, सर्व्हिसिंग, विकताना येणारी किंमत. 2005 मध्ये जी 6 घेणाऱ्यासाठी पिकअप आणि सस्पेन्शनपेक्षा कारभाराची माहिती अधिक कामाची होती.

हे आपल्याला परकं नाही. याच जनरल मोटर्सनं 2008 मध्ये पुण्याजवळ तळेगावला कारखाना सुरू केला आणि 2017 मध्ये भारतातली विक्री गुंडाळली. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. पण ज्यांच्या दारात शेवरलेची बीट किंवा स्पार्क उभी होती आणि हप्ते अजून फिटायचे होते, त्यांना आदल्या वर्षांतल्या कोणत्या परीक्षणानं सावध केलं होतं? आपल्या पुरवण्या अ‍ॅव्हरेज, डिकी आणि रंग सांगण्यात गुंतलेल्या होत्या.

सुरक्षिततेचंही तेच झालं. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या लंडनस्थित संस्थेनं आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या: अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो. तपासलेल्या गाड्यांत एअरबॅग नव्हत्या आणि मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. एअरबॅग नाही ही गोष्ट काही गुपित नव्हती, ती माहितीपत्रकातच दिसत होती. ती मथळ्यात आणण्याचं काम वाहनपत्रकारांचं होतं आणि आपण ते बाहेरच्या संस्थेवर सोडलं. याची मला आजही चीड येते.

परीक्षणासाठी गाडी कंपनीच देते, तीही धुऊनपुसून, टाकी भरून. नव्या गाडीची पहिली फेरी अनेकदा दूरच्या एखाद्या रम्य ठिकाणी असते. विमान आणि हॉटेल कंपनीचं, लेख छापायची तारीखही कंपनीच ठरवते. एवढा पाहुणचार घेऊन खरं लिहिणारे पत्रकार आहेत, मी त्यांना ओळखतो आणि त्यांचा आदर करतो. पण वाचकाला हे माहीत असायलाच हवं. प्रवासाचा खर्च कुणी केला, गाडी किती दिवस आणि कुठल्या रस्त्यांवर चालवली, हे प्रत्येक परीक्षणाखाली छापलं जावं, अशी माझी मराठी दैनिकांच्या संपादकांकडे मागणी आहे. आणि पाडवा-दसऱ्याच्या वाहन पुरवण्यांत जो मजकूर जाहिरात विभागाकडून येतो, त्यावर तसं ठळक लिहा.