रंगीत सांडपाणी आणि चुंबकीय कणांची मर्यादा

वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचा प्रश्न पुन्हा एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर आला आहे. राजस्थानात जोधपूर परिसरातून वाहणाऱ्या जोजरी नदीच्या प्रदूषणाची दखल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घेतली. महाराष्ट्रात इचलकरंजीजवळील पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चाही अनेक वर्षांपासून सुरू आहे. या पार्श्वभूमीवर, चुंबकीय अतिसूक्ष्म कणांच्या साह्याने पाण्यातील रंग वेगळा करण्याच्या तंत्राकडे आशेने पाहिले जात आहे. ही आशा कितपत सार्थ आहे, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

या तंत्राचे तत्त्व सोपे आहे. मॅग्नेटाईट या लोहाच्या ऑक्साईडचे काही नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात मिसळले जातात. आकार लहान असल्यामुळे त्यांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड असते आणि रंगाचे रेणू त्यावर चिकटतात. त्यानंतर चुंबक जवळ आणताच कण एका बाजूस गोळा होतात. गाळणीची गरज उरत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील राईस विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच कणांच्या साह्याने पाण्यातील आर्सेनिक वेगळे करून दाखवले होते. त्यासाठी फार शक्तिशाली चुंबकही लागला नव्हता. रंगद्रव्यांबाबतही याच तत्त्वावर जगभर प्रयोग झाले आहेत.

मात्र प्रयोगशाळेतील यश आणि कारखान्यातील वास्तव यांत मोठे अंतर आहे. असे बरेचसे प्रयोग मिथिलीन ब्लू या रंगावर केले जातात. त्याच्या रेणूंवर धनभार असतो. सुती कापडासाठी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांवर मात्र ऋणभार असतो. त्यातच या रंगकामाचे सांडपाणी अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात मॅग्नेटाईटच्या पृष्ठभागावरही ऋणभारच येतो. परिणामी रंग कणांकडे ओढला जाण्याऐवजी दूर लोटला जातो. कणांवर कायटोसानसारख्या पदार्थाचे आवरण चढवून किंवा पाण्याची आम्लता बदलून यावर मार्ग काढता येतो, परंतु खर्च वाढतो.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. तमिळनाडूतील तिरुप्पूरचे उदाहरण येथे बोलके ठरावे. होजिअरी उद्योगाच्या या शहरातील रंगकाम कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात होते. सिंचनासाठी बांधलेले ओरत्तुपाळयम धरण या दूषित पाण्याचा साठा बनले आणि खालच्या भागातील शेतकऱ्यांना न्यायालयात जावे लागले. शेतकऱ्यांचे नुकसान केवळ रंगामुळे झाले नव्हते. पाण्यातील क्षार हे त्याचे मुख्य कारण होते. सुती धाग्यावर रंग चढावा म्हणून रंगाच्या द्रावणात मीठ मोठ्या प्रमाणावर घालावे लागते. हे मीठ पाण्यात विरघळलेलेच राहते आणि चुंबकीय कण ते काढू शकत नाहीत. पाणी नितळ दिसेल, पण शेतीस निरुपयोगीच राहील.

मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. तिचे पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये रंगकाम कारखाने बंद करण्याचा आदेश दिला गेला. शेकडो कारखाने थांबले, कामगारांचा रोजगार गेला. पुढे रिव्हर्स ऑस्मोसिस व बाष्पीभवनाच्या यंत्रणांनी उद्योग सावरला. परंतु या यंत्रणांस वीज व इंधन फार लागते, आणि शेवटी मिश्र क्षार व गाळाचे ढीग उरतातच.

चुंबकीय कणांचे खरे स्थान याच साखळीत आहे. रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पटलांपर्यंत पाणी पोहोचण्यापूर्वी रंग काढला गेला, तर त्या पटलांवरील भार कमी होऊ शकेल. मात्र कणांवर चिकटलेला रंग नष्ट होत नाही, तो केवळ जागा बदलतो. कण धुऊन पुन्हा वापरल्यास ते धुण्याचे पाणी, आणि निकामी झालेले कण, यांची विल्हेवाट लावावीच लागेल. शिवाय कण पाण्यासोबत नदीत जाणार नाहीत, याचीही खात्री हवी.

त्यामुळे या तंत्राची चाचणी शुद्ध रंगाच्या द्रावणावर न होता कारखान्याच्या प्रत्यक्ष सांडपाण्यावर, खर्चाच्या हिशेबासह व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे. मिठाचा वापर घटवणाऱ्या रंगकाम पद्धती आणि नियमांची काटेकोर अंमलबजावणी यांना ते पर्याय ठरू शकत नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याला पाण्याचा रंग गेल्याचे समाधान पुरेसे नाही. त्या पाण्यावर त्याचे पीक उभे राहिले पाहिजे.