देवाला हात असतात का?

एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्क ब्राह्मणाला डिवचतो तो नेमक्या एका मुद्द्यावर. तुमच्या शास्त्रात देवाला हातपाय आहेत, हे कसे शक्य आहे? मग दोघांची जुंपते. देव सर्वत्र असेल तर पश्चिमेकडेच तोंड कशाला, असे ब्राह्मण विचारतो. एकमेकांच्या अकलेचा उद्धार होतो आणि अखेर दोघेही एकमेकांना नमस्कार करून वाद मिटवतात. पैठणात सोळाव्या शतकात रचलेल्या या संवादात एक गंमत दडलेली आहे. तुर्काने ब्राह्मणाच्या दारात टाकलेला प्रश्न त्याच्या स्वतःच्या घरात आठशे वर्षे धुमसत होता.

कारण कुरआनात अल्लाहच्या हाताचा उल्लेख आहे, चेहऱ्याचा आहे, तो अर्शावर, म्हणजे सिंहासनावर आरूढ झाल्याचाही आहे. त्याच कुरआनाच्या बेचाळिसाव्या सूरेत त्याच्यासारखे काहीच नाही असे बजावले आहे, आणि लगेच त्याच आयतीत तो ऐकणारा, पाहणारा आहे असेही म्हटले आहे.

मराठीत हा पेच आपण एका फटक्यात सोडवून टाकतो: हिंदूंचा देव सगुण, मुसलमानांचा निर्गुण. धर्माचा विषय निघाला की ही वाटणी हमखास पुढे येते. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वाटणी चुकीची आहे. ज्याला नव्व्याण्णव नावांनी आळवतात आणि ज्याची नावे दयाळू, न्यायी, क्षमाशील अशी गुणांचीच आहेत, तो निर्गुण कसा? फार तर निराकार म्हणा, आणि त्या शब्दावरही सगळे एकमुखाने होकार देतीलच असे नाही.

बसरा-बगदादच्या मुअ्तझिली पंडितांनी तर्काची बाजू लावून धरली. ईश्वराचे गुण त्याच्यापासून वेगळे आणि तरीही अनादि मानले, तर अनादि असे अनेक होतील. मग एकेश्वरवाद उरला कुठे? म्हणून हात म्हणजे सामर्थ्य, असा अर्थ त्यांनी लावला. ऐकायला हे पटते. पण प्रतिपक्षाचा सवालही बिनतोड आहे. हात म्हणजे केवळ अलंकार, तर दया तरी खरी कशावरून? दया म्हटले की माणसाचे द्रवणारे मनच डोळ्यांपुढे येते. चौदाव्या शतकात इब्न तैमियाने हेच धरून ठेवले: एका गुणाला जो न्याय, तोच सगळ्यांना. त्याच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, मदिनेच्या इमाम मालिकांनी अर्शावर आरूढ होणे मान्य केले, ते कसे याचा उलगडा माणसाला होणार नाही म्हटले आणि खोदून विचारणाऱ्याला गप्प केले. पुढे अशअरी परंपरेत ‘बिला कैफ’, म्हणजे ‘कसे’ हे न विचारता मानणे, ही भूमिका घट्ट झाली, आणि त्याच परंपरेतल्या अनेकांनी नंतर हात-चेहऱ्याचे लाक्षणिक अर्थही लावले. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे बहुसंख्य हनफी. शाफईंमध्ये अशअरी विचार रुजला, हनफींमध्ये समरकंदच्या मातुरीदींचा.

या वादात महाराष्ट्राच्या किनाऱ्यानेही भर घातली आहे, पण मराठी वाचकाला तिची फारशी खबर नाही. माहीमच्या दर्ग्यातले मखदूम फकीह अली महिमी (1372–1431) आपल्याला ठाऊक आहेत ते उरुसामुळे आणि पोलिसांच्या मानाच्या संदलमुळे. हा शाफई फकीह अरबीत लिहिणारा पट्टीचा विद्वान होता. अंदलुसियात जन्मलेल्या इब्न अरबीच्या ‘फुसूस अल-हिकम’वर त्याने भाष्य लिहिले. इब्न अरबीचे म्हणणे असे, की ईश्वर सृष्टीपेक्षा सर्वस्वी वेगळा आहे एवढेच म्हणणारा त्याला एका बाजूने बांधून टाकतो आणि तो सृष्टीसारखा आहे एवढेच म्हणणारा दुसऱ्या बाजूने. तन्झीह, म्हणजे वेगळेपण, आणि तश्बीह, म्हणजे सारखेपण, दोन्ही एकदम धरावे लागतात. महिमींच्या कुरआनभाष्यात, ‘तब्सीर अर-रहमान’मध्ये, एक नजरेत भरणारी गोष्ट आहे. बिस्मिल्लाह जवळजवळ प्रत्येक सूरेच्या आरंभी येते, शब्द तेच. पण महिमी दर वेळी तिचा अर्थ त्या सूरेच्या विषयाला जुळवून नव्याने उलगडतात. रहमान आणि रहीम ही दोनच नावे, पण प्रसंग बदलला की दयेचे रूप बदलते.

या मार्गाचे आकर्षण मला आहे, धोकाही दिसतो. दोन्ही टोके एकदम धरताना ईश्वर आणि जीव यांतली रेघ पुसट होते, आणि ती पुसली गेली की कोणीही पीर स्वतःला देव म्हणवून घ्यायला मोकळा. सरहिंदच्या शेख अहमदांनी सतराव्या शतकाच्या आरंभी या विचाराला हरकत घेतली, ती उगाच नव्हे. म्हणून कुरआनातली दोन्ही विधाने जशीच्या तशी ठेवून ‘कसे’चा हट्ट सोडणारी जुनी भूमिका मला जास्त प्रामाणिक वाटते. ती बुद्धीला पळवाट देते असा आरोप होतो, आणि तो अगदीच खोटा नाही. मात्र देवाच्या बाबतीत आपली बुद्धी कुठवर पोचते हे तरी ती लपवत नाही.

माणसाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी जवळ येतो. गझालीने ईश्वराच्या नावांवरच्या ग्रंथात प्रत्येक नावात माणसाचा वाटा कोणता हे सांगितले आहे: दयेतून दया घ्यावी, क्षमेतून क्षमा. आपल्या गल्लीबोळांतही हे रोज दिसते. कागदावर अब्दुल करीम, म्हणजे त्या उदाराचा दास. हाक मात्र करीमभाई. करीमला कुणाची हरकत नसते. पण अब्दुल रहमानला नुसते रहमान म्हटले की घरातले एखादे म्हातारे माणूस टोकतेच, कारण ते नाव एकट्या अल्लाहचे.

आदमला ‘त्याच्या’ रूपात घडवले, असे सांगणारी हदीस आहे. ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या? अल्लाहच्या, खुद्द आदमच्या, की ज्याला मार बसतो आहे त्या माणसाच्या? इब्न खुझैमाने तिसरा अर्थ घेतला. इब्न हंबलच्या परंपरेत अनेकांनी पहिला, फक्त ते रूप आपल्या रूपांसारखे नव्हे अशी पुस्ती जोडून. मार खाणारा माणूस मधेच कुठून आला? कारण सहीह मुस्लिममध्ये हे वाक्य एका मनाईला जोडून येते: भावाशी भांडण झाले तरी त्याच्या तोंडावर मारू नका. सर्वनामावर पंडित शतकानुशतके भांडले; या मनाईवर मात्र त्यांच्यात फारसा वाद झाला नाही.