चाळिशीनंतर दार बंद

शेतकऱ्याच्या म्हातारपणाची सोय सरकारने केली, असे मोठ्या आवाजात सांगितले जाते. सप्टेंबर 2019 मध्ये प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याने दरमहा वर्गणी भरायची, तेवढीच सरकार भरणार आणि साठीनंतर दरमहा 3000 रुपये मिळणार. अठराव्या वर्षी नाव घातले तर वर्गणी 55 रुपये, चाळिसाव्या वर्षी 200. चाळिशी ओलांडली की प्रवेशच नाही.

आता आमच्या गावांत चाळिशीच्या आत सातबारा असतो कोणाच्या नावावर? बाप हयात असतो, जमीन त्याच्या नावावर असते. पोरगा राबतो, सोसायटीचे कर्ज फेडतो, पण कागदावर तो शेतकरी नसतो. बाप जातो, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा होतात आणि नाव लागते तेव्हा पोरगा पंचेचाळीस-पन्नासचा झालेला असतो. बायकांचे तर बोलायलाच नको. बहुतेकींचे नाव नवरा गेल्यावरच उताऱ्यावर चढते. त्यात आणखी एक मेख आहे. 1 ऑगस्ट 2019 रोजी जमिनीच्या दप्तरी नाव हवे, अशी अट आहे.

साहेब लोक म्हणतात, कलम 85 आहे, बापाच्या हयातीतच वाटणी करून घ्या. म्हणजे पेन्शनच्या 3000 रुपयांसाठी पाच एकरांचे तुकडे पाडायचे आणि घरात भांडण लावून घ्यायचे!

शिवाय तिशीत शेतकऱ्याच्या हाती शिल्लक तरी कुठली? विहीर, बैल, पोरांची शिक्षणे, मुलीचे लग्न यातून मान मोकळी होते ती पन्नाशीत. भरायची ऐपत येते तेव्हा भरायची परवानगी नसते.

वयाची अट सैल करता येत नाही, असेही नाही. पीपीएफला वरची वयोमर्यादा नाही. राष्ट्रीय पेन्शन योजनेत 2021 पासून सत्तरीपर्यंत खाते उघडता येऊ लागले. तिथे शेतकऱ्यालाही जाता येते, हे आम्ही नाकारत नाही. पण तिथे त्याच्या रुपयाला सरकारचा रुपया जोडला जात नाही आणि पेन्शन किती, ते बाजार ठरवतो.

उशिरा येणाऱ्याची पुंजी कमी साठते, हा आक्षेप खरा आहे. चाळिसाव्या वर्षी आलेला वीस वर्षांत 48,000 भरतो, सरकार तेवढेच घालते. पन्नाशीत येणाऱ्याला तेवढी पुंजी दहा वर्षांत उभी करायची तर महिना 400 रुपये पडतील, आणि बुडालेले व्याज धरले तर आणखी जास्त. मग जास्त घ्या, किंवा पेन्शन त्या मानाने कमी द्या. आम्ही फुकट मागत नाही. आमच्या वर्गणीइतकीच वर्गणी सरकारने घालावी, मग आम्ही कोणत्याही वयात येवो, एवढेच म्हणणे आहे.

हा ठराव जिल्हा बैठकीत मांडायचा आहे. येताना प्रत्येक गावाने यादी आणावी: खातेदाराचे आजचे वय किती, आणि सातबाऱ्यावर नाव लागले तेव्हा किती होते. बायकांची नावे वेगळ्या कागदावर लिहावीत.