वस्तरा माझ्या हातात छंद, त्यांच्या हातात जात?

मागच्या महिन्यात मानोऱ्याच्या आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगात एक जुना वस्तरा दिसला. दीडशे रुपयांत घेतला. पात्यावर गंज, मूठ सैल, पण धारेला तडा नव्हता. पहिल्यांदा घेणाऱ्याने एवढंच पाहावं: गंज निघतो, तडा निघत नाही.

घरी आणून ग्राइंडरवर धरणार, तेवढ्यात ओळखीच्या एका आजोबांनी हात धरला. उभी हयात धोकटी घेऊन खेडोपाडी फिरलेला माणूस. "काऊन बापू, पाणी उतरवतं का त्याचं?" खरंच आहे. पोलादाचं पाणी उष्णतेनं उतरलं की धार टिकत नाही. मग त्यांनीच शिकवलं. बारीक पॉलिश पेपरला तेल लावून हळूहळू गंज काढायचा. पथरीवर पातं आडवं ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, धार पुढे. चामोट्यावर परजताना उलट, पाठ पुढे, नाहीतर चामडंच कापलं जातं. शेवटी कोरडं पुसून तेलाचा हात. चार संध्याकाळी गेल्या.

फोटो टाकला, तर दोनशे लाईक. "भाऊ, काय भारी छंद आहे!" आजोबांनी याच हत्यारावर सालाच्या ज्वारीत घर चालवलं, तेव्हा त्यांना अंगणातूनच हाक यायची, तीही जातीच्या नावानं. आजही कुणाचं काम बिघडलं की आपण त्याच जातीवरून टोमणा मारतो आणि हसतो.

या हत्याराचा इतिहास हसण्यासारखा नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी ठरवलं, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. शिकलेले लोक वाद घालत बसले होते. यांनी स्वतःची मजुरी सोडून वस्तरा खाली ठेवला.

आता दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड हवीच. एकच वस्तरा चौघांवर फिरला तर हिपॅटायटिस बी, एचआयव्हीचा धोका असतो. माझाही वस्तरा फक्त माझ्यापुरता. पण वस्तरा गेला म्हणून धारेचं ज्ञान कशाला जाऊ द्यायचं? कात्री, विळा, सुरी, सगळ्यांनाच धार लागते.

17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत नाभिकही आहेत. प्रशिक्षणात रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. चांगलंच आहे, पोरांनी जरूर लाभ घ्यावा. माझं म्हणणं एवढंच, की अशा प्रशिक्षणात आपल्या तालुक्यातल्या या म्हाताऱ्या कारागिरांना मास्तर म्हणून बोलवा, रीतसर मानधन देऊन.

मी आजोबांना पैसे देऊ लागलो, तर घेईनात. म्हणाले, "शिकवाचे पैसे कोणी देते का बापू?"

त्यांना आजवर कोणी दिले नाहीत, म्हणून ते असं म्हणाले. आता तरी द्यायला पाहिजेत.